डिझी डीनचें व्याकरण

बेसबॉलमध्यें 'पिचर' म्हणजे साठ फूट सहा इंचांवरून, टप्पा न पाडतां, चेंडू फेंकणारा गडी. अमेरिकेंतील सेंट लुईसच्या डिझी डीननें १९३४ सालीं आपल्या संघास ३० सामने जिंकून दिले. १९३७ त चेंडू लागून त्याच्या पायाचें बोट मोडलें. तें दुखूं नये म्हणून त्यानें फेंकण्याची ढब बदलली, आणि हातच गेला! १९४१ त तो रेडिओवर सामन्यांचें वर्णन करूं लागला. शाळा लहानपणींच सुटलेली. क्रियापदें तो मनास येतील तशीं चालवी. 'घसरला' या अर्थीं त्याचें 'स्लड' हें रूप कोणत्याही व्याकरणांत सांपडणार नाहीं. १९४६ सालीं मिसूरीतील इंग्रजीच्या शिक्षकांनीं तक्रार केली. श्रोते डीनच्या बाजूचे. आम्ही तेथें असतों तर तक्रारीवर सही केली असती, आणि घरीं जाऊन रेडिओ लावला असता.