एका नावाचे अनेक पत्ते: सी मधलं गेटअ‍ॅड्रइन्फो नीट समजून घेऊ

सी मध्ये सॉकेट प्रोग्राम लिहायला घेतला की पहिला प्रश्न कनेक्टच्या आधीच येतो. आपल्याकडे असतं सर्व्हरचं नाव, आणि कनेक्टला हवा असतो आकड्यांचा पत्ता. हे काम करायला जुन्या पुस्तकांत गेटहोस्टबायनेम हे फंक्शन सापडतं. संशोधनाच्या कोडमध्ये ते वापरू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे फंक्शन १९८३ च्या ४.२ बीएसडी युनिक्समधलं. ते उत्तर एका स्टॅटिक जागेत ठेवतं आणि तिचा पॉइंटर देतं. दुसरं नाव विचारलं की पहिलं उत्तर पुसलं जाऊ शकतं. दोन थ्रेड एकाच वेळी विचारायला गेले तर गोंधळच. शिवाय आयपीव्ही६ चे १२८ बिटांचे पत्ते त्याच्या मूळ रचनेत धरलेलेच नव्हते. पॉसिक्सच्या २००८ च्या आवृत्तीतून ते काढून टाकलं.

त्याच्या जागी गेटअ‍ॅड्रइन्फो आलं. त्याला नाव, पोर्ट आणि 'हिंट्स' नावाचं स्ट्रक्चर द्यायचं. हिंट्स आधी मेमसेटने शून्य करा, नाहीतर आतल्या कचऱ्यामुळे भलतीच एरर मिळते. सॉकेटचा प्रकारही सांगा. तो सांगितला नाही तर लिनक्सवर एकच पत्ता तीनदा येतो: स्ट्रीम, डेटाग्राम आणि रॉ. एरर आली तर पेररकडे जाऊ नका. हे फंक्शन स्वतःचे वेगळे कोड परत करतं आणि त्यांचा अर्थ गायस्ट्रएरर सांगतं.

आता मुख्य गोष्ट. उत्तर म्हणून एक पत्ता येत नाही, पत्त्यांची लिंक्ड लिस्ट येते. बरेच जण पहिला नोड उचलतात आणि पुढे जातात. समजा तुमचा सर्व्हर फक्त १२७.०.०.१ वर ऐकतोय आणि क्लायंटने 'लोकलहोस्ट' विचारलं. अनेक मशीनवर यादीत आधी आयपीव्ही६ चा ::१ येतो. तिथे कोणी ऐकत नाही, म्हणून 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. सर्व्हर धडधाकट चालू आहे आणि तुम्ही फायरवॉल तपासत बसलाय! म्हणून लूप लावा: प्रत्येक नोडसाठी सॉकेट उघडा, कनेक्ट करून बघा, जमलं नाही तर सॉकेट बंद करून पुढच्याकडे जा. यादीचा पहिला पॉइंटर मात्र जपून ठेवा, शेवटी फ्रीअ‍ॅड्रइन्फोला तोच द्यायचा असतो.

हे सगळं प्रोग्राम चालण्यापुरतं झालं. पण प्रोग्राम चालूनही आकडे चुकीचे येऊ शकतात, आणि संशोधनात खरी भीती तीच. लेटन्सी मोजताना घड्याळ गेटअ‍ॅड्रइन्फोच्या आधी सुरू केलंत, तर तुम्ही नेटवर्क मोजताय की डीएनएस? हे फंक्शन उत्तर येईपर्यंत अडून बसतं. नाव होस्ट्स फाइलमध्ये असेल तर उत्तर लगेच मिळतं. नसेल तर प्रश्न बाहेर जातो. पहिल्या वेळी लांबून आलेलं उत्तर पुढच्या वेळी रिझॉल्व्हरच्या कॅशेमधून येऊ शकतं, म्हणजे पहिलं रीडिंग बाकीच्यांपेक्षा वेगळंच. लिनक्सवरच्या जीलिबसीमध्ये एक नेमसर्व्हर गप्प बसला तर नेहमीच्या सेटिंगनुसार ५ सेकंद वाट पाहिली जाते. मिलिसेकंदांच्या तक्त्यात अशी एक ओळ घुसली की सरासरीचं काय होईल ते तुम्हीच बघा. तो 'आउटलायर' म्हणून खोडून टाकायचा मोह होतो, पण तो नेटवर्कचा नव्हेच.

तेव्हा नावाचा शोध लूपच्या बाहेर एकदाच घ्या आणि त्याला लागलेला वेळ वेगळ्या कॉलममध्ये लिहा. त्यासोबत, प्रत्यक्ष जोडणी ज्या पत्त्याशी झाली तोही लॉगमध्ये हवा. मोठ्या साइटचं एकच नाव पुण्यातून विचारलं तर एक पत्ता मिळतो, जर्मनीतून विचारलं तर दुसरा मिळू शकतो. नुसतं नाव लिहून ठेवलं तर सहा महिन्यांनी रिव्ह्यूअरने 'कोणत्या सर्व्हरशी जोडलं होतं?' असं विचारल्यावर सांगणार काय? पत्ता छापायला गेटनेमइन्फो वापरा आणि त्याला न्यूमेरिकहोस्टचा फ्लॅग द्या. तो दिला नाही तर ते पत्त्यावरून नाव शोधायला पुन्हा डीएनएसकडे धावतं, आणि मोजणीच्या मधोमध आणखी एक खोळंबा.