शरीराच्या आत पाहणारी दुर्बीण

पित्ताशयातील खडे काढावयाचे असोत, मूत्राशयातील गाठ तपासावयाची असो किंवा स्त्रीरोगाचे निदान करावयाचे असो, ‘दुर्बिणीतून शस्त्रक्रिया’ हे शब्द आता ग्रामीण भागातील रुग्णांनाही परिचयाचे झाले आहेत. पोट उघडण्याऐवजी सुमारे एक सेंटिमीटरचा छेद घ्यावयाचा, त्यातून एक सडपातळ नळी आत सोडावयाची आणि आतील अवयव पडद्यावर पाहत काम करावयाचे, अशी ही पद्धती आहे. तिच्यामुळे रुग्णाच्या वेदना कमी होतात, तो लवकर घरी परततो आणि रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाचे बुडणारे दिवस वाचतात.

मात्र शल्यविशारदाचा हात किती अचूक चालेल, हे त्याच्या डोळ्यांना काय दिसते यावर अवलंबून असते. पित्ताशय काढताना त्याची लहान नळी कापावयाची असते; तिच्याऐवजी चुकून मुख्य पित्तनलिका कापली गेली, तर रुग्णाच्या जिवावर बेतते. म्हणूनच या दुर्बिणीतील भिंगांची रचना हा केवळ पदार्थविज्ञानाचा विषय राहत नाही. रुग्णाच्या सुरक्षिततेशी तिचा थेट संबंध आहे.

मेणबत्तीपासून विजेच्या दिव्यापर्यंत

जर्मनीतील फिलिप बोझिनी या वैद्याने १८०६ च्या सुमारास मेणबत्ती आणि आरसा यांच्या साहाय्याने शरीराच्या पोकळीत प्रकाश पाडण्याचा प्रयत्न केला. १८७७ मध्ये मॅक्सिमिलियन नित्झे यांनी मूत्राशय पाहण्यासाठी भिंगे बसविलेली नळी तयार केली. प्रकाशासाठी तिच्या टोकाशी प्लॅटिनमची तार तापविली जाई आणि ती थंड ठेवण्यासाठी पाणी खेळवावे लागे. पुढे विजेचे चिमुकले दिवे आले व ही अडचण दूर झाली. परंतु प्रतिमा अंधुकच राहिली.

याचे कारण नळीच्या मापातच होते. सुमारे ३० सेंटिमीटर लांब आणि १० मिलिमीटरहून कमी जाडीच्या नळीतून प्रतिमा टोकापासून डोळ्यापर्यंत आणावयाची, तर वाटेत भिंगांच्या जोड्यांनी ती पुनःपुन्हा पुढे पोहोचवावी लागते. काच आणि हवा यांच्या प्रत्येक सीमेवर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो. असे ४० पृष्ठभाग असतील, तर मूळ प्रकाशाचा जेमतेम पाचवा हिस्सा शेवटी पोहोचतो. शिवाय ही भिंगे जागच्या जागी धरून ठेवण्यासाठी आत बसविलेली बारीक नळकांडी उपलब्ध जागा आणखी कमी करीत असत.

काच आणि हवा यांची अदलाबदल

ब्रिटिश शास्त्रज्ञ हॅरल्ड हॉपकिन्स यांनी १९५९ च्या सुमारास या प्रश्नाचे अत्यंत सोपे उत्तर शोधले. तोपर्यंत नळीत हवा अधिक व काच कमी असे. त्यांनी ही मांडणी उलटी केली. काचेच्या लांब कांड्या बसविल्या आणि त्यांच्यामध्ये हवेच्या अरुंद फटी ठेवल्या. कांड्यांच्या टोकांना दिलेल्या वक्रतेमुळे या फटीच भिंगांचे काम करू लागल्या.

या रचनेचा लाभ दुहेरी होता. काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५ असल्याने वाहून नेता येणारा प्रकाश त्याच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे सव्वादोन पट वाढला. दुसरे म्हणजे लांब कांडी नळीत सहज सरळ बसते. तिला धरणाऱ्या नळकांड्यांची गरज उरत नाही आणि प्रकाशाचा मार्ग रुंदावतो. प्रकाश या रुंदीच्या चौथ्या घाताने वाढतो. रुंदी केवळ १.२ पट झाली, तरी प्रकाश दुपटीहून अधिक होतो. दोन्ही लाभ मिळून प्रकाश साडेचार पटींहून जास्त वाढतो. त्यातच प्रत्येक पृष्ठभागावर परावर्तन रोखणारा अतिसूक्ष्म थर दिला आणि तेथील हानी अर्ध्या टक्क्यावर आणली, की ४० पृष्ठभागांनंतरही सुमारे ८० टक्के प्रकाश शिल्लक राहतो.

काचतंतूंचे साहाय्य

जठर आणि आतडे यांच्या वळणांतून ताठ नळी जाऊ शकत नाही. तेथे काचतंतू उपयोगी पडले. तंतूचा गाभा अधिक अपवर्तनांकाच्या काचेचा आणि वेष्टन कमी अपवर्तनांकाचे असल्यास प्रकाश आतल्या आत पूर्णपणे परावर्तित होत वळणांतूनही पुढे जातो. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी व हॉपकिन्स यांनी अशा तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा पाठविण्याचे संशोधन १९५४ मध्ये प्रसिद्ध केले. १९५७ मध्ये बेसिल हिर्शोविट्झ यांनी अमेरिकेत जठर पाहणारे लवचिक उपकरण सादर केले.

प्रतिमा आणणाऱ्या जुडग्यात प्रत्येक तंतूची जागा दोन्ही टोकांना तीच असावी लागते. एक तंतू तुटला, की चित्रात एक काळा ठिपका उमटतो. केवळ प्रकाश आत नेणाऱ्या जुडग्याला हे बंधन नसते, म्हणून ते स्वस्तात तयार होते. त्यामुळे तापणारा दिवा शरीराबाहेर ठेवता आला. १९८३ पासून लवचिक उपकरणांच्या टोकाशीच प्रतिमा टिपणारी इलेक्ट्रॉनिक चकती बसू लागली आणि प्रतिमा आणणाऱ्या तंतूंची गरज ओसरली.

तडजोडीचे गणित

तरीही रचनाकाराचे काम सोपे झालेले नाही. छिद्र मोठे ठेवले तर चित्र उजळ होते, पण ठरावीक अंतरावरचेच स्पष्ट दिसते. छिद्र लहान केले तर जवळचे व दूरचे दोन्ही स्पष्ट होते, पण प्रकाश घटतो. दृष्टिक्षेत्र रुंदावले तर कडेच्या आकृती वाकतात. रंगांचे वेगवेगळे वक्रीभवन सुधारले नाही, तर कडांवर रंगीत झालर दिसते आणि सुजलेला भाग व निरोगी भाग यांतील लालीचा सूक्ष्म फरक हरवतो. याखेरीज १३४ अंश सेल्सियस तापमानाच्या वाफेत वारंवार निर्जंतुक होऊनही सांध्यांतून बाष्प आत शिरता कामा नये.

मुंबईत डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९७२ मध्ये दुर्बिणीतून उदरदर्शनाला आरंभ केला. १९९० मध्ये त्यांनी सर ज. जी. रुग्णालयात या पद्धतीने पित्ताशय काढण्याची भारतातील पहिली शस्त्रक्रिया केली. महानगरात रुजलेली ही पद्धती लहान शहरांतही टिकवावयाची असेल, तर उपकरणाची खरेदी हा केवळ प्रारंभ ठरतो. काचेची कांडी एका धक्क्याने तडकते, तंतूंचे जुडगे घट्ट गुंडाळल्याने तुटते आणि भिंगावर राहिलेला डाग चित्र धूसर करतो. दुर्बीण धुणारी परिचारिका आणि ती जपून हाताळणारा शस्त्रक्रियागृहातील कर्मचारी यांना उपकरणाची अंतर्रचना समजावून दिली, तर वर्षानुवर्षे चित्र स्वच्छ राहील. त्या स्वच्छ चित्रावरच टेबलावरील रुग्णाचे प्राण अवलंबून असतात.