आजार आजीचा, होकार मुंबईचा

मंडणगडपासून राजापूरपर्यंत कोणत्याही बौद्धवाडीत जा. पोरे मुंबईला, घरात म्हातारा-म्हातारी आणि कायमचे मुक्कामाला आलेले मधुमेह नि रक्तदाब. डॉक्टर तपासतात आजीला आणि बोलतात मुलाशी, मोबाईलवर. “इन्सुलिन सुरू करू या?” “करा.” झाला निर्णय! रोज सुई कोण टोचणार, घरात फ्रीज आहे का, गोळ्यांवर आणखी काही दिवस भागेल का, हे आजीला कोण विचारतो? मग औषध पिशवीतच राहते आणि ठपका बसतो तिच्या अडाणीपणावर. (फ्रीज नसेल तर मडक्याच्या गारव्यातही इन्सुलिन टिकते, पण सांगणार कोण?)

समीरा कोहली खटल्यात रुग्ण बाई भुलीखाली असताना संमती घेतली गेली ती तिच्या आईची. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी ती अमान्य ठरवली. रुग्ण सज्ञान असेल, जीव तातडीने धोक्यात नसेल, तर धोके, पर्याय, नकाराचे परिणाम सांगून त्याचीच संमती घ्यावी लागते. मुलगा कितीही शिकलेला असो, त्याचा होकार आईचा होत नाही.

आमचे मुंबईकर बांधवांना सांगणे आहे : पुढच्या वेळी डॉक्टरांचा फोन आला, की म्हणा, “साहेब, आधी आईला समजावून सांगा. मी ऐकतो.”