वाघिणीची प्रतिकृती आणि प्रमाणाचा पाठ

प्रत्यक्ष वस्तू वर्गात आणणे शक्य नसेल तेथे तिची प्रतिकृती दाखवावी, हे तत्त्व आपणां सर्वांस परिचित आहे. परंतु प्रतिकृती पुष्कळदा कपाटाची शोभा होऊन बसते. ती मुलांकडून मोजून घेतली, तरच तिचा पाठास उपयोग होतो. उदाहरणादाखल ब्रिटनमधील कोळसा वाहणारी जुनी वाघीण घेऊ. (‘वॅगन’ची आपल्याकडे ‘वाघीण’ झाली, हे सांगताच मुले प्रथम हसतात व मग कान देऊन ऐकू लागतात.)

१९२३ साली तेथील रेल्वे कंपन्यांच्या सामाईक संस्थेने १२ टनी वाघिणीचा नमुना ठरवून दिला. लांबी १६ फूट ६ इंच, दोन आसांमधील अंतर ९ फूट, बाजू बहुधा सात आडव्या फळ्यांच्या. अशा हजारो वाघिणी खाणमालकांच्या व कोळसा व्यापाऱ्यांच्या मालकीच्या असत आणि मालकाचे नाव बाजूवर ठळक अक्षरांत रंगविलेले असे. १९३९ साली युद्ध सुरू होताच त्या सरकारने एकत्र वापरास घेतल्या. १९४८ मध्ये रेल्वेच्या राष्ट्रीयीकरणाबरोबर त्या राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. पुढे ती नावे पुसट होत गेली. आज ती मुख्यतः संग्रहालयांत, जुन्या छायाचित्रांत आणि प्रतिकृतींवर पाहावयास मिळतात.

ब्रिटनमध्ये सर्वाधिक रूढ असलेले प्रतिकृतीचे प्रमाण म्हणजे दर फुटास ४ मिलिमीटर, अर्थात सुमारे १ : ७६. त्यानुसार आपली वाघीण ६६ मिलिमीटर लांब होते आणि आसांमध्ये ३६ मिलिमीटर अंतर राहते. येथपर्यंत मुले चुकत नाहीत. मग विचारावे : खऱ्या वाघिणीत १२ टन, म्हणजे सुमारे १२,१९० किलोग्रॅम कोळसा मावतो, तर प्रतिकृतीत किती मावेल? बहुतेक मुले ७६ ने एकदाच भागतात व १६० किलोग्रॅम असे उत्तर देतात. तळहातावर मावणाऱ्या वाघिणीत दोन-तीन माणसांचे वजन! लांबी, रुंदी व उंची ही तिन्ही मापे ७६ पट घटली असल्याने तीनदा भागावे लागते, आणि उत्तर येते जेमतेम २८ ग्रॅम. रिकामी प्रतिकृती इतकी हलकी असते की ती रुळांच्या सांध्यावर उसळून घसरते. म्हणून छंदिष्ट मंडळी तिच्यात शिशाचा तुकडा बसवितात.

प्रतिकृती सर्वत्र खरे बोलते असेही नाही. तेथील रुळांमधील अंतर ४ फूट साडेआठ इंच. प्रमाणाने ते १८.८३ मिलिमीटर हवे. बाजारातील रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचेच असतात. ब्रिटिश इंजिने आकाराने लहान. त्यांच्या प्रतिकृतींत त्या काळच्या विजेच्या मोटारी मावेनात, म्हणून वरचा साज मोठ्या प्रमाणाने केला व रूळ पूर्वीचेच ठेवले. काही चोखंदळ लोक योग्य अंतराचे रूळ स्वहस्ते घालतात. ही तफावत मुलांना मोजून शोधू द्यावी. आधी सांगू नये.

खेड्यातील शाळेस विकतची प्रतिकृती नको. पुठ्ठ्याची वाघीण दर फुटास १ सेंटिमीटर या प्रमाणाने साडेसोळा सेंटिमीटर लांब करावी, आणि अंगणात चुन्याने खऱ्या वाघिणीची ५ मीटर लांबी आखून ती तेथे ठेवावी. तिच्या वाट्यास किती कोळसा येईल, हे मुलांनी पुन्हा काढावे. उत्तर ४३० ग्रॅमच्या आसपास आले पाहिजे.