सात मिनिटांचं उलटं घड्याळ

कोरेगावसारख्या तालुक्याच्या गावी टायपिंग शिकणारी पोरं स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या घड्याळाला जाम टरकून असतात. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टंकलेखन परीक्षेत गती उताऱ्याला 7 मिनिटं मिळतात. 30 च्या स्पीडला म्हणजे 210 शब्द.

सरावासाठी असा टायमर बनवायला घेतला की नवशिके हमखास एकच करतात : आकडा 420 ठेवायचा, दर सेकंदाला एक वजा. दिसायला बरोबर. पण विंडोजमध्ये टायमरचा संदेश रांगेत मागे पडतो, आणि प्रोग्रॅम दुसऱ्या कामात अडकला तर चुकलेले ठोके साठत नाहीत, गळून जातात. ठोका सरासरी 15 मिलिसेकंद जरी उशिरा पडला, तरी 420 ठोक्यांत 6 सेकंदांहून जास्त वेळ फुकटात मिळतो. तेवढ्यात तीन शब्द होतात!

त्यापेक्षा सुरुवातीलाच संपण्याची वेळ नोंदवावी आणि दर 100 मिलिसेकंदांनी उरलेला वेळ वजाबाकीने काढावा. टास्कबारवरचं घड्याळ यासाठी कामाचं नाही, ते कुणीही मागे सरकवतं (आपली पोरं तर नक्कीच). संगणक सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणारं 'गेटटिककाउंट64' वापरावं. त्याची जुनी 32 बिटी आवृत्ती 49.7 दिवसांनी पुन्हा शून्यावर येते. सेकंद दाखवताना अपूर्णांक वरच्या आकड्यात धरावा, नाहीतर 00:00 दिसत असतानाही जवळजवळ सेकंदभर टायपिंग चालूच राहतं.