आधी क्रियापदे

शब्दसंग्रह वाढवायचा म्हटले की नव्या वहीत पहिल्या दिवशी भारदस्त शब्द उतरतात: किंकर्तव्यमूढ, विहंगावलोकन, अनभिषिक्त. शब्द चांगले आहेत, पण दिवसभराच्या बोलण्यात त्यांना जागा मिळत नाही आणि पंधरवड्यात वही कपाटात जाते. माझे मत विचाराल तर सुरुवात क्रियापदांपासून करावी. मराठीची श्रीमंती तिथे आहे आणि सध्या गळतीही तिथेच लागली आहे.

स्वयंपाकघरात हे रोज ऐकू येते. भाजी 'कट' होते, कैरी 'कट' होते, सुपारीसुद्धा. खरे तर भाजी चिरतात, लोणच्याची कैरी फोडतात, सुपारी कातरतात, शेवग्याची शेंग मोडतात आणि खमंग काकडीसाठी काकडी चोचवतात. चोचवणे म्हणजे काकडी उभी हातात धरून तिच्या टोकावर सुरीने एकमेकांजवळ आडवेतिडवे घाव घालायचे आणि मग वरचा थर पातळ कापून घ्यायचा. किसलेल्या काकडीला लगेच पाणी सुटते, चोचवलेली कुरकुरीत राहते. क्रियापद विसरले की ही रीतही विसरते, म्हणून मला या गळतीची काळजी वाटते.

'बंद करणे' या क्रियापदानेही असाच सगळा मुलूख व्यापला आहे. दार लोटायचे, पुस्तक मिटायचे, दिवा मालवायचा. हे शब्द ऐकले तर आपल्याला कळतात, पण बोलताना वेळेवर ओठांवर येत नाहीत. शब्दसंग्रह वाढवण्याचे निम्मे काम म्हणजे असे ओळखीचे शब्द पुन्हा वापरात आणणे.

त्यासाठी पाठांतर नव्हे, अंतर लागते. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि १८८५ साली ते प्रसिद्ध केले. विसरणे सर्वांत वेगाने होते ते पहिल्या काही तासांत. पुढे वेग मंदावतो. बारा अक्षरगटांची एक मालिका एकाच बैठकीत ६८ वेळा घोकून जे साधले, तेच तीन दिवसांत विभागलेल्या ३८ उजळण्यांनी साधले, हे त्याचे निरीक्षण मला फार मोलाचे वाटते. कष्ट जवळजवळ निम्मे झाले, केवळ मध्ये रात्री गेल्या म्हणून!

सेबास्टियन लाइटनर यांनी १९७०च्या दशकात याच तत्त्वावर कप्प्यांची पेटी लोकप्रिय केली. शब्द चिठ्ठीवर लिहायचा. आठवला तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकला तर परत पहिल्या. पहिला कप्पा रोज उघडायचा, पुढचे अधिकाधिक दिवसांनी. बुटाचे खोके आणि पुठ्ठ्याचे तुकडे एवढ्यावर भागते. मात्र चिठ्ठीवर नुसता अर्थ लिहू नये, गाळलेली जागा लिहावी: 'पाऊस थांबला, तिने छत्री ____.' मागे 'मिटली', आणि खाली त्या क्रियापदाचे सोबती: डोळे, पुस्तक, भांडण. उलटून पाहण्याआधी उत्तर मनात आणण्याची धडपड करावी, कारण शब्द पक्का होतो तो त्या धडपडीनेच. आठवड्याला पाच चिठ्ठ्या पुरेत.

शब्द आणायचे कुठून? दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात खंड आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती १८३१, वाढवलेली दुसरी १८५७) हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. एक क्रियापद उघडावे आणि त्याच्या उदाहरणांत रेंगाळावे.

पण कोशाइतकीच माणसेही धुंडाळावीत. सुतार रंधा मारताना, शिंपी काज करताना, आजी डाळ पाखडताना दिसली की 'याला काय म्हणता?' एवढे विचारावे. उत्तर त्यांच्याच उच्चारात टिपावे, शेजारी गावाचे नाव लिहावे. त्याच कामाला कोकणात एक शब्द असतो, वऱ्हाडात दुसरा. चिठ्ठ्या दोन्हींच्या कराव्यात.