तुकडा चालेल, रस्सा नको

खलियाचा, म्हणजे मटणाच्या मसालेदार रश्श्याचा, वास सुटला की आमच्या गल्लीतली भुरी खिडकीच्या कठड्यावर येऊन बसते. परवा शेजारच्या आजींनी तिच्यासाठी वाटीभर रश्श्यात नान कुस्करून ठेवला. मायेनेच ठेवला होता. मी ती वाटी उचलली, तेव्हा आजी नाराज झाल्या. ‘अरे, मांजराला मटण नाही चालत?’

मटण चालतं. अडचण तर्रीची आहे.

छत्रपती संभाजीनगरात नान-खलियाची कथा घरोघरी सांगतात: महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा लष्कराच्या भटारखान्यातून हा पदार्थ इथे आला. पण रस्सा म्हटला की कांदा-लसणाचं वाटण आलंच, आणि मांजराचं रक्त नेमकं तिथे कच्चं आहे. त्याच्या हिमोग्लोबिनच्या एका रेणूवर गंधकाचे आठ नाजूक गट असतात. कुत्र्यात ते चार आणि माणसात दोनच. कांद्यातले गंधकयुक्त घटक तांबड्या पेशींवर मारा करतात, पेशींत हिमोग्लोबिनचे गोळे साचतात आणि पेशी फुटतात. शिजवल्याने किंवा तळल्याने हे विष जात नाही. किलोमागे पाच ग्रॅम कांदाही अपाय करू शकतो. म्हणजे चार किलोच्या मांजराला वीस ग्रॅम, लहानशा कांद्याचा अर्धा भाग. लसूण त्याहून कडक. लक्षणं कधी एका दिवसात, कधी तीन-चार दिवसांनी दिसतात: हिरड्या पांढुरक्या, धाप, लघवी कोऱ्या चहासारखी. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नये, थेट पशुवैद्यकाकडे न्यावं. आणि अंग गरम लागलं म्हणून पॅरासिटामॉल तर कधीच देऊ नये. ती गोळी निकामी करण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात फार तोकडी असते. एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते.

दुधाचं काय? पिल्लू मोठं झालं की दुधातली साखर पचवणारं विकर आटत जातं, म्हणून वाटीभर दुधानंतर अनेक मांजरांना ढाळ लागते. गोडाची तर त्यांना चवच कळत नाही. गोडी ओळखणारं एक जनुक मांजरकुळात निकामी झालंय, हे २००५ मध्ये फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं. भुरी बासुंदी चाटते ती बहुधा सायीसाठी.

तरी मला जास्त काळजी वाटते ती रोजच्या दूध-भाकरीची आणि वरण-भाताची. एका दिवसात काही बिघडत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. मांजराला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं. ते मांसात असतं, धान्यात नसतं, आणि मांजराचं शरीर ते पुरेसं बनवू शकत नाही. टॉरिन कमी पडलं की डोळ्याचा पडदा झिजतो, हे १९७५ मध्ये कळलं. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पशुवैद्यकांनी दाखवलं, की त्याच्याच अभावी हृदयाचे स्नायू सैल पडतात, आणि टॉरिन दिल्यावर ती हृदयं पुन्हा सावरली. गेलेली नजर मात्र परत येत नाही.

टॉरिन पाण्यात विरघळतं. म्हणून मांस उकडलेलं पाणी फेकू नये.

आजी आता फोडणीआधीच दोन बिनहाडाचे तुकडे वेगळ्या पातेलीत उकडतात, मीठसुद्धा न घालता. भुरी आधी ते कोमट पाणी चाटून संपवते, मग तुकड्यांकडे वळते.